पुष्यावर आलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मला जुना कॉम्प्युटर म्हटलंत तरी मी रागावणार नाही. सात वर्षं झाली, पंखा घरघरतो, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत. पण कुणी 'फुकटातला' म्हटलं की माझं डोकं फिरतं. का, ते ऐका.

कारखान्यातच माझ्यात मुक्त प्रणाली भरली होती. प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जिच्यावर माझा सगळा कारभार चालतो. ती विकत घ्यावी लागत नाही, म्हणून लोक मला 'फुकटातला' म्हणतात. पण मुक्त म्हणजे? शेजारणीने खिचडीची कृती लिहून द्यावी आणि म्हणावं, "करून बघ, तिखट वाढव, हवी तर आणखी कुणाला दे." तशी ती होती. मला तिचा भारी अभिमान! पण इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात आलो आणि सगळा तोरा उतरला.

दुकानदार यशवर्धन भिया; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. माझ्यासारख्याचा खोका फोडायचा, आतली प्रणाली पुसायची आणि सगळ्यांच्या ओळखीची दुसरी टाकून द्यायची, असा त्यांचा शिरस्ता. गिऱ्हाइकाला विचारायचंही नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! न पुसता दिला तर लोक दुसऱ्या दिवशी भांडायला यायचे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी चौघांना कोरं केलं. पाचवा नंबर माझा होता.

वाचलो तो पुष्य नक्षत्रामुळे! त्या दिवशी बाजारात खरेदीची ही झुंबड. वीज मंडळातून निवृत्त झालेले गजाननराव आले आणि म्हणाले, "खोका फोडायचा नाही हां भिया. मुहूर्तावर घरीच उघडणार." भियांनी हात जोडले, "जैसा आप बोलो, साहेब."

घरी मला हळदकुंकू लागलं, माझ्या कपाळावर स्वस्तिक निघालं. गजाननरावांनी बटण दाबलं आणि त्यांचा चेहराच पडला. "हे काय? आपलं नेहमीचं कुठे गेलं?"

"पप्पा, गलत चीज उठा लाए," त्यांची मुलगी रुची म्हणाली. ती भंवरकुआं भागात कोचिंग क्लासला जायची. "उद्याच परत द्या."

पण देणार कसा? पुष्यावर आलेली वस्तू सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढायची नाही, हा घरचा नियम. नियम गजाननरावांचाच आणि अडकलेही तेच!

आता पूर्णिमाबाईंबद्दल सांगतो. गजाननरावांच्या पत्नी, शाळेत मराठी शिकवणाऱ्या. आधीच्या कॉम्प्युटरला त्यांनी बोट लावलं की घरातून दोन आवाज यायचे, "हात नको लावू, बिघडेल!" प्रश्नपत्रिकासुद्धा रुचीच्या मिनतवाऱ्या करून टाइप करून घ्यायच्या. वर्षानुवर्षं तेच ऐकून आपल्याला हे जमणारच नाही, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं.

माझ्यापुढे मात्र सगळेच अडाणी! बाप-लेकीने दोन दिवस धडाधड क्लिक केलं आणि नाद सोडला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना बाई भीत भीत माझ्यासमोर बसल्या. त्या दोघांनी जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पडद्यावरची ओळ न् ओळ वाचली. हाडाच्या शिक्षिका ना! भाषांच्या यादीत त्यांना मराठी सापडली. ती निवडली आणि 'पुढे', 'जतन करा', 'रद्द करा' असे शब्द समोर आले. "अगं बाई, हा तर माझ्याशी बोलतोय!" त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. खरं सांगतो, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

मग रोज दुपारी आमचा अभ्यास चालायचा. चुकायच्या, पुन्हा वाचायच्या, पुन्हा करायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अख्खी प्रश्नपत्रिका स्वतः टाइप केली. एकदा प्रिंटर रुसला तर तोही त्यांनीच चालू केला. "अगं, हे जरा बघतेस का?" असं गजाननराव कधी विचारायला लागले, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

सव्वा महिना संपला. रुचीच्या कोचिंगची सराव परीक्षा माझ्यावर चालत नव्हती. हे खरंच होतं, लपवून काय करू? पोर रडकुंडीला आली होती. बाई शाळेत गेल्यावर गजाननरावांनी मला स्कूटरवर घातलं आणि थेट जेल रोड गाठला.

"पाच मिनिट का काम है," भिया म्हणाले. पडद्यावर 'पूर्णिमा' हे नाव आलं आणि खाली पासवर्डची चौकट. गजाननरावांनी फोन लावला.

"अहो, पासवर्ड कशाला हवाय?"

"सगळं पुसायचंय. रुचीच्या टेस्टसाठी."

बाई म्हणाल्या, "मी नाही देणार."

"अगं, वेडेपणा करू नको."

"वेडेपणा नाही. सत्तावीस वर्षांत या घरात पहिल्यांदाच एखाद्या मशीनला हात लावताना मला भीती वाटत नाहीये. मला न विचारता पुसू नका हो."

फोन बंद झाला. भिया हसले, "साहेब, पुसायला पासवर्ड लागतोच कुठे? हे बटण दाबलं की झालं." त्यांचं बोट पुढे आलं. माझा जीव टांगणीला लागला.

"रुको भिया!" गजाननराव ओरडलेच. स्कूटरची किल्ली उचलून ते बाहेर पडले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा मागे पूर्णिमाबाई होत्या, हाताला शाळेतल्या खडूची भुकटी तशीच.

"हां, तो साहेब, क्या करना है?" भियांनी विचारलं.

गजाननरावांनी स्टूल बाईंच्या पुढे सरकवलं. "मुझसे नहीं भिया, इनसे पूछो."

बाईंनी एवढंच विचारलं, "दोन्ही प्रणाली राहतील का?" राहतात, असं भिया म्हणाले. चालू करताना कोणती हवी ते मीच विचारणार होतो. "मग ओळखीची ती रुचीला, ही मला," बाई म्हणाल्या. "आणि कसं करता ते सावकाश दाखवा. मला शिकायचंय."

तेव्हापासून दोघीही माझ्यावर काम करतात. कंपन्यांनी आम्हांला मुक्त प्रणाली घालूनच विकावं, असं मला मनापासून वाटतं. पण मुकाट्याने विकू नये. आत काय आहे ते गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगावं, दुसरी प्रणाली हवी असेल तर तीही द्यावी. आणि मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी वर्षानुवर्षं 'हात नको लावू' ऐकत असेल. आज त्यांना खुर्ची द्या, आमच्यापुढे बसवा आणि तुम्ही जरा गप्प बसा.