दगडाबाईचा वाटा

आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्या पोरीकडं काळानं ढुंकूनही बघू नये अशा बेतानं आईबापांनी तिचं नाव दगडा ठेवलं. ती जगली. तिच्या पाठीवर नाथाजी आणि अर्जुना झाले, तेही जगले. बाप पलटणीत नाईक होता. पेन्शनीवर आल्यावर साठवलेल्या पैशातून त्यानं कुपवाडच्या अलीकडं बारा एकर माळ विकत घेतला. गाव हसलं. नदीकडं ऊस उभा असताना ह्यानं कुसळं विकत घेतली, असं चावडीवर लोक म्हणत. भाऊ शाळेत जायचे. बापाच्या जोडीनं दगडगोटे वेचून बांधाला लावायची ती दगडा. लग्न होऊन म्हसवडला गेली तोवर त्या माळातले पाच एकर वहितीला आले होते.

म्हसवडला नवरा मिळाला तो ज्ञानू. गरीब स्वभावाचा, कुणाला वर मान करून न बोलणारा. दीड एकर कोरडवाहू आणि चार शेळ्या, एवढाच संसार. मूलबाळ झालं नाही. बहात्तरच्या दुष्काळात दोघंही तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं मुकादमानं आठ दिवसांच्या हजेरीवर तिचा अंगठा घेतला आणि हातावर पाच दिवसांची मजुरी ठेवली. कागदावर आठ लिहिलंय आणि वरच्या तीन दिवसांचे पैसे मुकादमानं खाल्लेत, हे तिला दुसऱ्याच एका मजुराकडून कळलं. त्या दिवसापासून तिनं एक नेम धरला. वाचून दाखवल्याशिवाय कशावरही अंगठा उठवायचा नाही, मग समोर देव असो.

दुष्काळ सरला आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नाथाजी अचानक म्हसवडला आला. आई आधीच गेली होती, बाप जाऊनही चार वर्षं झाली होती; तेवढ्या काळात तो एकदाही फिरकला नव्हता. आता मात्र नवं लुगडं आणि गुळाची ढेप घेऊन आला, सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, आक्काच्या हातची भाकरी गोड लागते म्हणाला. जाताना मिरजेचा विषय काढला. आबांच्या मागं उताऱ्यावरची नावं नीट करायची आहेत, एक अंगठा लागतो, लगेच परत आणून सोडतो. ज्ञानूला बरं वाटलं. भाऊ आठवण ठेवून आला, यातच त्याला सगळं आलं.

मिरजेला कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा दस्त लिहायचा. त्यानं कागद तयारच ठेवला होता. अर्जुनाही आला होता. जरा बाजूला फटफटीला टेकून एक पांढऱ्या टोपीतला गृहस्थ उभा होता, त्याच्याकडं दोघंही भाऊ सारखे बघत होते. नाथाजीनं शाईची डबी उघडून तिच्यापुढं सरकवली. दगडाबाईनं कागद आधी वाचायला सांगितला.

नाथाजी हसला, घरचाच कागद आहे म्हणाला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अखेर म्हाताऱ्यानं चष्मा लावला. भावांच्या प्रेमापोटी, राजीखुशीनं, काही एक मोबदला न घेता बहीण वडिलांच्या जमिनीवरचा हक्क कायमचा सोडते आहे, असं त्यात होतं. तिनं फटफटीवाला कोण ते विचारलं. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. ते धनपाल अण्णा, बारा एकर घेणार आहेत, तिथं कारखान्याच्या शेडी होणार आहेत, असं त्यानं सांगून टाकलं.

दगडाबाईनं शाईची डबी बंद केली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"अंगठा मिळायचा न्हाई," ती म्हणाली.

नाथाजीचा चेहरा उतरला. त्यानं आधी समजावलं, मग चारचौघांत लाज काढू नको म्हणून विनवलं, शेवटी मनातलं बोलला. "आक्का, तुला ना मूल ना बाळ. जमीन घिऊन कुणाला ठेवनार हाईस?"

"मला. मी मानूस न्हाई व्हय?"

"पोरी वाटा मागत न्हाईत आपल्यात."

"दगडं येचायला पोरगी चालली की तवा."

अर्जुना मान खाली घालून पायातल्या वहाणांकडं बघत राहिला. नाथाजीनं तिथंच सांगून टाकलं, की आजपासून माहेर तुटलं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. ती उठली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. अंगावर त्याचंच लुगडं होतं, ते काढून देता येत नव्हतं, एवढंच तिला फार लागलं. घरी गेल्यावर तिनं ते धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि टपालानं परत पाठवलं.

 तिसऱ्या दिवशी ज्ञानू म्हणाला, की बाईला पाठीशी माहेर लागतं, ते तू हातानं तोडलंस.  तिनं तवा, परात, कुऱ्हाड आणि दोन शेळ्या एवढं घेतलं आणि त्याला सांगितलं, की मी माळावर ऱ्हायला चाललीय, तुम्हाला वाटंल तवा या.

माळावर पोचली त्या दुपारी पाणी मागायला ती नाथाजीच्याच घरी गेली. दुसरीकडं कशाला जायचं, बापाचा आड होता तो. भावजय साळूबाईनं तिला पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. दगडाबाई तासभर उन्हात उभी राहिली. दार उघडलं नाही. मग तिनं चावडीवर जाऊन तलाठ्याकडं वाटणीचा अर्ज लिहवून घेतला, तो दोनदा वाचून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडेला उसाच्या पाचटाचं छप्पर उभं केलं.

गावानं पाणी बंद केलं. पण रस्त्यापलीकडच्या जमिनीवर दुसऱ्याच एका कारखान्याच्या शेडीचं बांधकाम चाललं होतं, तिथं गवंड्यांसाठी पाण्याचे पिंप भरलेले असायचे. तिनं गवंड्यांना सांगितलं, मला दोन घागरी पाणी द्या, मी तुम्हाला भाकरी थापून देते. गवंडी कर्नाटकातले, घर सोडून आलेले. त्यांना गरम भाकरी आणि ठेचा मिळाला आणि तिला पाणी. महिन्याभरात वीस माणसं जेवायला येऊ लागली आणि पैसे देऊन जाऊ लागली. मधे एकदा ती सरपणाला गेली असताना कुणीतरी छप्पर मोडून पाचट माळभर उडवून दिलं. तिनं ते गोळा करून त्याच जागी बांधलं. आठ दिवसांनी पुन्हा मोडलं. पुन्हा बांधलं, या वेळी गवंड्यांनी चार मेढी रोवून दिल्या. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

एक दिवस धनपाल अण्णा स्वतः आले, फटफटी लावून बाजेवर बसले. माणूस सरळ होता. भावांची वाटणी वेगळी, तुमची वेगळी, तुमचा भाव मी तुमच्याच हातात देतो, असं म्हणाले. या भागात दहा वर्षांत जमिनीला सोन्याचा भाव येणार, हेही त्यांनी लपवलं नाही.

"यिऊ दे की," दगडाबाई म्हणाली. "तवा इकायची का न्हाई, तेबी मीच ठरवीन."

अण्णा हसले. भाकरी खाऊन पैसे ठेवून गेले. जाताना गावात नाथाजीला निरोप दिला, की मी जमीन घेतो, भांडण विकत घेत नाही, आधी मोजणी करून आणा.

मोजणीच्या दिवशी अर्धं गाव बांधावर जमलं. मोजणीदारानं साखळी टाकली. नाथाजीनं दगडाबाईला दाखवला तो मागच्या अंगाचा खाणीकडचा तुकडा. तिथं निवडुंगसुद्धा नीट उगवत नव्हतं. ती चालत आली आणि साखळीवर पाय देऊन उभी राहिली. तिघांच्या तीन पट्ट्या पडतील, आणि तिन्हींना रस्ता लागंल, असं ती म्हणाली. नाथाजी बोटं नाचवत अंगावर आला. मोजणीदारानं डोक्याला हात लावला. लोकांत कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात अर्जुना पुढं झाला. चार महिन्यांत तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"आक्का बराबर बोलतीया. माळ तिनं आन् आबांनी काढलाय. आमी दोघांनी एक धोंडा उचलला न्हाई."

मोजणीदारानं साखळी उचलून पुन्हा टाकली. तीन पट्ट्या पडल्या. नाथाजीनं आपली विकून टाकली, अर्जुनानं निम्मी विकून निम्मी ठेवली. दगडाबाईच्या चार एकरांत त्या साली ज्वारी आली, बेताचीच, पण आली. दिवाळीच्या आधी ज्ञानू उरलेल्या दोन शेळ्या घेऊन म्हसवडहून चालत आला.  हात धुऊन जेवणाऱ्यांना ताटं वाढायला लागला. नाथाजी मात्र रस्त्यानं जाताना तोंड पलीकडं करून जायचा. ते तिला दर वेळी लागायचं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी शेतं मोकळी झाली तेव्हा एका दुपारी, जेवणारे उठून गेल्यावर, साळूबाई छपराबाहेर येऊन उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. दगडाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

"नाथाजीनं पाठवलं?"

"न्हाई वन्सं. त्यास्नी ठावं न्हाई."

साळूबाईचं माहेर तासगावकडं. बाप पावसाळ्यात वारला होता. बापानं हातानं लावलेला द्राक्षाचा मळा होता, आणि आता भावांनी सोमवारी कचेरीत बोलावलं होतं, एका अंगठ्यापुरतं. नाथाजी देऊन टाक म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार होता तो?

दगडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली.  मग तांब्या भरून साळूबाईपुढं ठेवला.

"मळ्यात राबलीयास का?"

"लगीन हुईस्तोवर. येलींना पानी म्याच घातलंय."

"मग आदी कागुद वाचून मागायचा. समदा. मधलं काय गाळू द्यायचं न्हाई."

"भाऊ तुटतील, वन्सं."

"तुटतील," दगडाबाई म्हणाली. खोटा धीर तिला देता आला नाही. "माझा तुटलाय. लय दुखतं. रोज दुखतं. पर अंगठा दिला असता तर त्योबी रोजच दुखला असता."

साळूबाई रडायला लागली. दगडाबाईनं तिला रडू दिलं. भाकरी उलटली, फुगली तशी काढून टोपल्यात टाकली. मग ज्ञानूला हाक मारून सांगितलं, की सोमवारी खानावळ तुमच्याकडं, पीठ अर्जुनाच्या बायकोकडून मळून घ्या, ठेच्यात मीठ कमी टाका.

"आन् तू कुठं चाललीस?" ज्ञानूनं विचारलं.

"तासगावला. हिच्यासंगं."