एकटीचं तिकीट

सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. मोठा भाऊ म्हणे, भाभी म्हणे, आणि अम्मी तर शेवटच्या दिवसापर्यंत त्याच नावाने हाक मारायची. छोटी एका लॅबमध्ये दात बनवायची. दातांचे डॉक्टर आपल्या पेशंटांच्या तोंडाचे ठसे पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, मेणाचा दात घडवी, आणि भट्टीतून निघालेली कॅप अशी काही घासून देई, की शेजारचा खरा दात खोटा वाटावा. बावीस वर्षांत तिचं काम क्वचितच परत आलं होतं.

अम्मी गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत मात्र सात कॅप परत आल्या.

नऊ वर्षं अम्मी अंथरुणाला खिळून होती आणि नऊ वर्षं छोटीचा दिवस तिच्या औषधांच्या वेळांवर चालला होता. आता वेळा होत्या, अम्मी नव्हती. दुपारचे चार वाजले की छोटीचा हात आपोआप फोनकडे जाई, शेजारणीला गोळीची आठवण करून द्यायला. मग तो मागे घ्यायचा, आणि त्या हाताचं आता काय करायचं ते कळायचं नाही. घरी आली की या खोलीतून त्या खोलीत. चहा टाकायची, प्यायचा राहायचा. बसलं की उठावंसं वाटे, आणि उठलं की आपण कशाला उठलो ते आठवत नसे.

आठवी कॅप परत आली तेव्हा लॅबच्या मालकीणबाईंनी ती तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "छोटी, रजा घे."

"घरी बसून काय करू?"

"घरी बस असं कोण म्हणतंय? कुठेतरी जा. चार दिवस आराम कर."

जा म्हणणं सोपं. छोटी आजवर एकटी बाजारापलीकडे गेली नव्हती. पण त्याच संध्याकाळी ती एका दवाखान्यात काम पोचवायला गेली आणि तिथल्या मासिकात तिला ते समुद्रकाठचं गाव दिसलं. पांढऱ्याशुभ्र बोटी, गुलाबी छत्र्या, भल्यामोठ्या हॅट घातलेल्या बायका, आणि दुकानाच्या अख्ख्या काचेत मांडलेली एकच पर्स. सिनेमावाले तिथे सुट्टीला जातात असं खाली लिहिलं होतं. छोटी बराच वेळ त्या फोटोंकडे बघत राहिली. त्यांत एकही माणूस आजारी दिसत नव्हतं. तिने तिथेच ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण जीव कसला थाऱ्यावर राहतोय! दुसऱ्या दिवसापासून तिने हॉटेलांना फोन लावायचा सपाटा लावला. पहिल्या हॉटेलातली मुलगी मोठ्या उत्साहाने म्हणाली, "हलाल ना मॅडम? सगळं हलाल आहे आमच्याकडे. साखर तर घालतच नाही." दुसऱ्या ठिकाणी छोटीने नमाजाची दिशा विचारली, तर तिथला माणूस म्हणाला, "सगळ्या खोल्यांची दिशा समुद्राकडेच आहे हो." तिसऱ्या ठिकाणी स्वैपाकघरात दारू वापरतात का असं विचारल्यावर पलीकडे कुणीतरी हळूच फोन ठेवून दिला.

चौथं हॉटेल लहान होतं, धक्क्याच्या मागच्या गल्लीत. तिथे फोन थेट स्वैपाकघरात गेला. एक बाई भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलली, "खोटं कशाला सांगू ताई? मटणाचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाइन घालतात त्यात. पण मासा घ्या. नवा तवा काढते, तुमच्यापुरता. त्याला दुसरं काही लागू देणार नाही."

नाही म्हणणाऱ्या बाईवर छोटीचा पटकन विश्वास बसला. खोली पक्की झाली. त्याच बाईने सांगितलं, की गावाच्या टोकाला खडकांच्या आड एक लहानशी खाडी आहे, आणि सकाळी सात ते नऊ तिथे फक्त बायका पोहतात. छोटीने अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख आणला आणि आरशासमोर घालून पाहिला. मिटलेल्या छत्रीला पाय फुटावेत तशी ती दिसत होती. ती स्वतःशीच हसली. अम्मी गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मग तिने वेळापत्रक बनवलं. कॉलेजात जाणारी भाची घरी आली होती, तिने ते हातात घेऊन मोठ्याने वाचलं. "सहा पन्नास, खाडीकडे निघणे. नऊ पाच, केस वाळवणे. अकरा वीस ते बारा, धक्क्यावर बोटी बघणे. चार ते सव्वाचार, आराम." तिने कागद खाली ठेवला. "फुफी, मला तर वाचूनच धाप लागली. आराम फक्त पंधरा मिनिटं?"

"सवय नाही गं. सुरुवातीला थोडाच घ्यावा."

जायला दोन दिवस उरले असताना भाऊ लॅबमध्ये आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि भर दुपारी तो दुकान सोडून कधी यायचा नाही. भावाने खिशातून एक कागद काढून तिच्या टेबलावर, कवळ्यांच्या रांगेशेजारी ठेवला. तिकीट होतं. तिच्याच गाडीचं.

"मीही येतो," तो म्हणाला. "खोली वेगळी घेतलीय. तुला काही त्रास नाही. तू तुझी हिंड, मी माझा बसेन."

"भाई, पण का?"

तो चष्मा काढून पुसत राहिला. स्वच्छच होता चष्मा. "अम्मीच्या वेळी तू एकटीने सगळं केलंस. मी रविवारी यायचो, तासभर बसायचो, आणि दुकानाचं निमित्त सांगून सुटायचो. आता निदान तुला सोबत तरी करू दे."

छोटीच्या हातात एक अर्धवट घासलेला दात होता. ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकायला ती नऊ वर्षं थांबली होती. आता ती गोष्ट आली होती, आणि छोटीला वाटलं, नेमकी आत्ताच का आली? 'ये' म्हणणं किती सोपं होतं! मग गाडीत तो बोलणार, धक्क्यावर बोलणार, जेवताना त्याचे डोळे भरणार, आणि ती ताटातला मासा तसाच ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसणार.

"नको," ती म्हणाली.

भावाला नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"नको येऊस. तू आलास तर चार दिवस मी तुझी समजूत काढत बसेन, भाई. तुझं काही चुकलं नाही, असं दिवसातून दहा वेळा म्हणेन. आणि ते खरं नाहीये. तुझं चुकलं. त्याचा मला राग होता, अजून थोडा आहे. आल्यावर बसू, वाटेल तेवढं बोलू. पण तिथे मला कुणाचंच काही करायचं नाहीये."

"मी तुला काही करायला सांगतोय का?"

"सांगावं लागत नाही ना. तेच तर."

भावाने तिकीट उचललं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली. मालकीणबाईंनी चहा विचारला तर मानेनेच नको म्हणून निघून गेला. छोटीने त्या दिवशी तोच दात तीनदा घासला आणि तिसऱ्यांदा तो तुटला.

ठरल्या दिवशी ती एकटीच गेली, पण मन मागेच होतं. गाडीत तिने भावाला चार संदेश लिहिले आणि चारही पुसले. गाव फोटोतल्यासारखंच होतं, फक्त वास जास्त होता: अत्तराचा, डिझेलचा, उन्हाने तापलेल्या दोरखंडांचा. पहिल्या दिवशी तिने धक्क्याच्या सात फेऱ्या मारल्या. एका हॅटवाल्या बाईने तिला थांबवून काळजीने विचारलं, "तुमचं काही हरवलंय का?" छोटी म्हणाली, "नाही, सुट्टीवर आलेय."

संध्याकाळी स्वैपाकीणबाई स्वतः बाहेर आली. ऐसपैस अंगाची, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. तिने आधी तवा आणून दाखवला, मग मासा वाढला, आणि समोरच्या खुर्चीत बसून तो संपेपर्यंत हलली नाही. छोटीला आठवेना, ती जेवत असताना असं तिच्यासमोर शेवटचं कोण बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खाडीत उतरली. पोहता येत नव्हतंच. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. आजूबाजूला दहाबारा बायका, कुणी जाड, कुणी काटकुळ्या, दोघी तिच्यासारख्याच पोशाखातल्या. लाट आली की सगळ्या एकदम वर उचलल्या जात आणि एकदम खाली येत. पाण्यात येरझाऱ्या घालता येत नाहीत. पाय वाळूत रुतले होते, हात आपोआप तरंगत होते, आणि त्या हातांचं काय करायचं हा प्रश्न पाण्याने परस्पर सोडवला होता. तिला रडू आलं. तोंडावर आधीच खारं पाणी होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

बाहेर येऊन ती खडकावर बसली तेव्हा फोनवर भावाचा संदेश होता. दोन दिवसांतला पहिलाच. एकच शब्द: "जेवलीस?"

राग गेला असेल असं त्यावरून म्हणता येत नव्हतं. नाही गेला असंही नाही. तिने लिहिलं, "काल मासा जेवले. चांगला होता. आल्यावर तुझ्याकडे येते, भाभीला सांग." क्षणभर थांबून ते पाठवून दिलं, आणि या वेळी पुसलं नाही.

नऊ वाजले. बाकीच्या बायका टॉवेल गुंडाळून गप्पा मारत निघाल्या. छोटीचा एक पाय अजून हलत होता, उगाचच, खडकावर टकटक करत. "चलताय ना?" एकीने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," छोटी म्हणाली. "मी बसते जरा."