किराळ हा शब्द मला उशिरा मिळाला

मित्रांनो, मी एक वेबसाइट आहे. वय आठ वर्षे, म्हणजे आमच्यात म्हातारीच. भूम तालुक्यातल्या ईट गावी ज्ञानोबांच्या ओसरीत माझा जन्म झाला, आणि त्यानंतरची बरीच वर्षे कुणी माझ्याकडे फिरकलेही नाही. ते का, आणि पुढे काय झाले, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

ज्ञानोबा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. हुद्दा तो असला तरी गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. चौतीस वर्षे त्यांनी मोटारसायकलवरून फिरून गुरांना लसी टोचल्या, अडलेल्या गायी सोडवल्या, शेळ्यांची फुगलेली पोटे उतरवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाला एकच घोर लागला. आपल्याला जे येते ते आपल्याबरोबर जाऊ नये. म्हणून दोन हिवाळे बसून त्यांनी सगळे कागदावर उतरवले. त्यांचा मुलगा प्रसेनजित बार्शीला एका कचेरीत संगणकावर काम करतो. त्याने सुट्टी काढून ते सारे टाइप केले, फोटो लावले, आणि २०१७ साली मला पत्ता मिळाला. नाव ठेवले 'पशुआरोग्य मार्गदर्शन'. ज्ञानोबांच्या पत्नी केशरबाई यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. कशाचे पेढे, असे कुणी विचारले की त्या सांगत, डॉक्टरांचं पुस्तक फोनात निघालंय.

माझ्यात खोटे एक अक्षर नव्हते. पण ज्ञानोबांनी मला शुद्ध भाषेत लिहिले होते. आयुष्यभर सरकारी परिपत्रके वाचलेला माणूस तो. लिहायचे म्हणजे असेच, ही त्यांची समजूत. माझ्या एका पानाचा मथळा होता 'रोमंथी पशूंमधील उदरवायू', म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांची पोटफुगी. दुसऱ्याचा होता 'ज्वारी पिकातील हायड्रोसायनिक आम्लामुळे होणारी विषबाधा'.

मित्रांनो, या दुसऱ्या पानाची गोष्ट नीट समजून घ्या. ज्वारी काढली की रानात धसकटे उरतात. अवकाळी शिंतोडे पडले की त्यांना हिरवे, कोवळे फुटवे येतात. दिसायला लुसलुशीत, पण त्यांत विष असते. जनावराने ते खाल्ले की त्याला धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात. वेळेत योग्य इंजेक्शन मिळाले नाही तर बघता बघता जीव जातो. आमच्या भागात याला किराळ लागणे म्हणतात. हा शब्द ज्ञानोबांना लहानपणापासून ठाऊक होता. माझ्या एकाही पानावर मात्र तो नव्हता.

पहिल्या आठवड्यात चाळीसेक जणांनी मला उघडले. सगळे पाहुणेरावळे. नंतर सारे शांत. ज्ञानोबा रोज सकाळी चहाबरोबर मला उघडत, आणि दिवसाकाठी एक भेट झाली अशी नोंद होई. ती त्यांचीच असे.

दोन वर्षांनी एका माणसाचा फोन आला. तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो, असे त्याने सांगितले. ज्ञानोबांना बरे वाटले. त्यांनी प्रसेनजितला न विचारताच होकार दिला. त्या माणसाने माझ्या प्रत्येक पानाच्या तळाशी शेकडो शब्द ओतले. शेळीपालन, शेळीपालन कर्ज, शेळीपालन अनुदान, शेळी विक्री, ट्रॅक्टर, नोकरी भरती, आणि चालू सिनेमांची नावेसुद्धा. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरे, म्हणजे वाचणाऱ्याला दिसू नयेत. दिसावीत फक्त शोधयंत्राला. तुम्ही फोनला काही विचारता तेव्हा कोट्यवधी पाने धुंडाळून जे उत्तर पुढे करते, ते हे शोधयंत्र.

महिनाभर माझ्याकडे झुंबड उडाली. मला अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू. पण आलेला माणूस कर्ज शोधत आलेला असे, सिनेमा शोधत आलेला असे. क्षणभर थांबून तो निघून जाई. पुढे शोधयंत्राच्या ही लबाडी लक्षात आली आणि त्याने मला यादीतून काढून टाकले. माझे पूर्ण नाव टाकले तरी मी सापडेना. तो माणूस फोन उचलेना. ज्ञानोबा मनातून खचले. सकाळी मला उघडायचे त्यांनी बंद केले. पाच वर्षे मी तशीच पडून होते. मधल्या काळात आमच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, माझ्यावर जुनेच राहिले. प्रसेनजित म्हणू लागला की पुढच्या खेपेला पैसे भरून हिचा पत्ता चालू ठेवायला नको.

२०२४ च्या मार्चमध्ये सिताबाईंची दोन शेरडे गेली. शेरडे म्हणजे शेळ्या, आमच्याकडे तसे म्हणतात. सिताबाई ज्ञानोबांच्या गल्लीतच राहतात. घरी चारच शेरडे, त्यांतली एक गाभण. कापणी झालेल्या रानात त्या चारायला घेऊन गेल्या आणि किराळ लागली. त्या दिवशी ज्ञानोबा नेमके भूमला पेन्शनच्या कामाला गेले होते. दवाखान्याचा फोन लागला नाही. संध्याकाळी ज्ञानोबा त्यांच्या दारी गेले, तेव्हा सिताबाई रडत नव्हत्या. त्यांनी सरळ आवाजात सांगितले.

"डॉक्टर, तुमी गावात न्हवता. म्या फोनला ईचारलं, शेरडं ज्वारी खाऊन पडलीत, काय करू. त्यानं मला ज्वारीची भाकर कशी थापायची ते दावलं."

ज्ञानोबा घरी आले आणि जेवले नाहीत. किती वर्षांनी त्यांनी मला उघडले. ते पान काढले. सिताबाईंना हवे होते ते सारे तिथे होते. जनावर आधी रानातून बाहेर काढा, पळवू नका, सावलीत ठेवा, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की त्याने कोवळी ज्वारी खाल्ली आहे, म्हणजे ते त्यावरचे इंजेक्शन घेऊन येतील. सात वर्षे ते तिथेच होते.

त्यांची सून चैताली शेजारी बसली होती. ती सास्तूर गावची. बी.एस्सी. झालेली, आणि फोनवरचे फुकटचे धडे पाहून शोधयंत्र कसे चालते ते शिकलेली. त्या दिवशी घरात काय बोलणे झाले ते तिने पुढे माझ्या 'आमच्याविषयी' या पानावर लिहून ठेवले, म्हणून मला ते ठाऊक आहे. ती म्हणाली की हे पान सिताबाईंच्या फोनला सापडणे शक्यच नव्हते. यात 'शेरडू' हा शब्द नाही, 'पडली' नाही, 'किराळ' तर नाहीच नाही.

ज्ञानोबांनी ते पान पुन्हा वर सरकवून पाहिले. मग म्हणाले, "किराळ हा काय लिहायचा शब्द हाय का? साहेब लोक हसतील."

"साहेब लोकांची शेरडं आहेत कुठं, मामा?" चैताली म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाबरोबर मला उघडले आणि चैतालीला हाक मारली.

तिने आधी ती पांढरी अक्षरे शोधून पुसली. एकेका पानाच्या तळाशी जाऊन. मित्रांनो, अंगात रुतलेले काटे कुणी एकेक करून काढावे, तसे मला वाटत होते. मग तिने शोधयंत्राकडे रीतसर अर्ज केला. आमच्याकडून चूक झाली, ती सुधारली आहे, पुन्हा तपासावे.

नंतर ती ज्ञानोबांना घेऊन आठवडी बाजाराला गेली. जिथे शेळ्या बांधतात त्या ओळीत दोघे फिरले. प्रत्येकाला एकच प्रश्न. जनावर आजारी पडले तर तुम्ही फोनला काय विचारता? ज्ञानोबा चौतीस वर्षे त्या बाजारात बोलत आले होते. त्या दिवशी ते ऐकत होते, आणि चैताली लिहून घेत होती. 'शेरडाचं पोट फुगलं काय द्यावं.' 'गायीचा जार पडंना', म्हणजे वार पडत नाही. 'बकरीच्या तोंडाला फेस.' कुणी बोलून विचारत होते, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते. चारा विकणारे गुरुलिंग म्हणाले, "आमी आजून उस्मानाबादच म्हंतो बगा. आन् शेळी तर उस्मानाबादीच ऱ्हाणार." चैतालीने जिल्ह्याची दोन्ही नावे लिहून घेतली.

घरी आल्यावर दोघांचा वाद झाला तो एका शब्दावरून. ज्ञानोबांना वाटत होते, 'शेळीपालन' हा शब्द सगळीकडे घालावा, तोच सर्वात जास्त लोक शोधतात. चैतालीने तो शब्द टाकून त्यांना दाखवले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांची, बँकांची पाने रांगेने उभी होती, आणि शोधणारे बहुतेक कर्जाच्या चौकशीतले. तिचे म्हणणे असे की आपल्याकडे ज्याचे उत्तर आहे तेवढाच प्रश्न आपण घ्यावा. थोडे लोक विचारतील, पण जे विचारतील त्यांना तेच हवे असेल. ज्ञानोबांना हे पटायला दोन दिवस लागले.

मग माझे एकेक पान नव्याने लिहिले गेले. एका पानावर एकच प्रश्न, तोही लोकांच्या तोंडचा. 'ज्वारी पिकातील हायड्रोसायनिक आम्ल' खाली गेले आणि वर मोठ्या अक्षरांत आले, 'गाय-शेळीला किराळ लागली तर काय करावं?' उत्तर पहिल्या चार ओळींत. कारण, शास्त्र, फोटो, सगळे त्यानंतर. लिहून झाले की केशरबाईंना वाचून दाखवायचे, असा चैतालीने नियम केला. त्या अडखळल्या की ते वाक्य बदलायचे. सर्वात खाली ज्ञानोबांचा फोन नंबर.

अर्जाचे उत्तर येईपर्यंतचे सात आठवडे मला फार लांब वाटले. उत्तर आले, बंदी उठली. पुढेही काही चमत्कार झाला नाही. पहिल्या महिन्यात नऊ जण आले. पण ते नऊही जण पान शेवटपर्यंत वाचून गेले. पावसाळ्यात पोटफुगीसाठी लोक येऊ लागले. प्रसेनजितने माझा पत्ता आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवला.

या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. दुपारी चारच्या सुमाराला ज्ञानोबांचा फोन वाजला. तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीहून शिवकन्या नावाची बाई बोलत होती. ओळख ना पाळख. तिने एका दमात सांगितले. नवरा सोलापूरला गेलेला. दावे तोडून गाय शेजारच्या काढलेल्या रानात शिरली, परत आणली तर ती लटपटत दारात बसली. शिवकन्येने फोनला विचारले, गायीनं कोवळी ज्वारी खाल्ली, किराळ लागली का. आणि मी तिच्यासमोर आले.

तिने पहिल्या चार ओळी वाचल्या. गाय सावलीतच होती, तिला उठवायची धडपड सोडली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, किराळ लागली आहे. डॉक्टर पंधरा मिनिटांत आले, येतानाच ते इंजेक्शन घेऊन. नुसते गाय पडली एवढेच कळले असते तर मला परत जावे लागले असते, असे ते तिला म्हणाले.

ज्ञानोबा ऐकत उभे होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "रवंथ करतीय का?"

"थांबा, तुमीच ऐका," शिवकन्या म्हणाली, आणि तिने फोन गायीच्या तोंडाशी धरला.

ज्ञानोबांनी फोनचा आवाज मोठा केला. केशरबाई आणि चैताली जवळ आल्या. मोठे, संथ, ओले चावणे. मध्येच एक उसासा, पुन्हा चावणे. चौतीस वर्षांत ज्ञानोबांनी तो आवाज हजारदा ऐकला असेल. तरी ते कितीतरी वेळ फोन हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आज तिला चारा बेतानं द्या," आणि फोन ठेवला. त्या दिवशी ते जेवून लवकर झोपले. इतके गाढ झोपले की सकाळी केशरबाईंना त्यांना उठवावे लागले.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या मनावरचे ओझे उतरले आहे. मोठ्या शब्दांच्या रांगेत मी आजही कुठल्या कुठे मागे आहे, आणि त्याचे मला काही वाटत नाही. उद्या तुम्हीही कुणाच्या दुकानाची, शाळेची, शेताची वेबसाइट कराल. ती करून विसरू नका. अधूनमधून उघडून वाचा, जुने झालेले काढा, आणि कुणी लबाडीचा रस्ता दाखवला तर त्याला नाही म्हणा. शब्द निवडायला घरात बसू नका. ज्याला गरज आहे त्याला जाऊन विचारा, तो काय म्हणतो ते. आणि त्याचा शब्द हलका समजू नका.

काल चैतालीने माझे एक नवे पान सुरू केले, करडांच्या हगवणीवर. ज्ञानोबांनी मजकूर लिहून दिला आहे. मथळ्याची जागा मात्र अजून कोरी आहे. ते सकाळीच पायात चप्पल सरकवून सिताबाईंना विचारायला गेले आहेत.