पलंगावरून खुर्चीवर

दादा परांचीवरून पडला तेव्हा धाकटी बारावीत होती. तो वायरिंगची कामं करायचा. तिसऱ्या मजल्यावरून खाली आला आणि बेंबीखालचं त्याचं सगळं अंग त्या दिवसापासून गप्प झालं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर बरंच काही बोलले. आईनं त्यातलं एकच वाक्य घरी आणलं : "व्यायाम चालू ठेवा."

धाकटीला जमीन मोजणीचा कोर्स करायचा होता. फॉर्म आणून ठेवला होता तिनं. त्याच आठवड्यात आईनं फिजिओथेरपीचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"घरातलंच माणूस शिकलं की आपल्याला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तू त्याला उभं करशील."

दादा पलंगावरून ऐकत होता. त्याच्यादेखत नको कसं म्हणायचं? धाकटीनं सही केली.

अडीच वर्षं रोज सकाळी सहा ते सात ती दादाचे पाय हलवत होती. घोटा, गुडघा, खुबा, मग दुसरा पाय. आई स्टूल घेऊन समोर बसायची आणि दूध उतू जाईल म्हणून पातेल्यावर नजर ठेवावी तशी त्या पायांवर नजर ठेवायची. कारखान्यात फिटर असलेल्या बाबांनी घरातल्या बोळात कमरेएवढे दोन लोखंडी दांडे ठोकले होते, दादानं धरून चालायला. त्यांच्यामुळे बाकीच्यांना अंग चोरून जावं लागे. "मला सोडून सगळ्या घराला व्यायाम होतोय," दादा म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी धाकटीची ड्यूटी मणक्याच्या वॉर्डात लागली. तिथल्या मॅडम रोग्याच्या अंगावर टाचणी टोचत कुठवर कळतं ते बघायच्या. एके दिवशी धाकटीनं दादाची फाईल त्यांच्यापुढे ठेवली. मॅडमनी ती शांतपणे वाचली.

"कोण तुझा?"

"भाऊ."

"मज्जारज्जू पूर्ण तुटलाय. हे तुला वाचता येतं आता."

"हो."

"खुर्ची कुठली वापरतो?"

"खुर्ची नाही. आईला चालत नाही. ती म्हणते, खुर्ची आणली म्हणजे आपण हात टेकले."

"आणि तू रोज काय करतेस?"

"पाय हलवते."

"हात?"

दादाचे दंड सुतळीसारखे झाले होते. त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी तिनं दादाचा तळवा वर दाबला आणि पाऊल थडथड उडायला लागलं. स्टूल कोसळलं. आई ओरडली, "हलला! अहो, पाय हलला!"

ही नुसती स्नायूंची उचकी होती. धाकटीनं आदल्याच महिन्यात पेपरात त्यावर उत्तर लिहिलं होतं, नऊ मार्क मिळवले होते.

"आई, ते आपोआप होतं..."

"आपोआप? अडीच वर्षं घाम गाळलास तू, आणि आपोआप म्हणे!" आईनं तिचे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले. ते हात सोडवून घेण्याची हिंमत धाकटीला झाली नाही. दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. संध्याकाळी मावशी दादासाठी नवे बूट घेऊन आली.

दोघंच उरले तेव्हा दादा म्हणाला, "पाय हलला हे मला आई ओरडली तेव्हा कळलं."

"तुला माहीत आहे?"

"दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला ॲडमिशन मिळाली आणि आई जेवायला लागली. म्हटलं, पडून राहू." तो हसला. "तू माझ्यासाठी शिकतेस, मी तुमच्यासाठी पडून आहे. भारी चाललंय आपलं."

धाकटीला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हेच कळेना. भिंती जागच्या जागी होत्या, तरी खोली आवळून बसल्यासारखी वाटली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मॅडमकडून वॉर्डातली एक जुनी, घडी होणारी चाकाची खुर्ची आणि एक गुळगुळीत फळी मागून आणली आणि शेजाऱ्यांकडे ठेवली. आई धुलाईच्या कारखान्यात चारपर्यंत असायची. धाकटी दुपारचं लेक्चर बुडवून घरी यायची. आधी नुसतं पलंगावर बसणं. मग मुठी टेकून कंबर उचलणं. मग फळीवरून घसरत खुर्चीत. वॉर्डात ती हे अनोळखी माणसांना न चुकता शिकवायची. दादाला धरताना मात्र तिचा क्रम चुकायचा.

तिसऱ्या आठवड्यात फळी सटकली. दादा पलंग आणि खुर्चीच्या मध्ये फरशीवर पडला. त्याच दिवशी आई लवकर आली.

आईनं आधी खुर्चीकडे बघितलं. "हे काय आणलंस घरात?"

"आई, तो चालणार नाही." इतके दिवस अडकून राहिलेलं वाक्य एवढंसंच होतं. "मी शिकले, म्हणून सांगते."

"तुला अजून सगळं कुठं शिकवलंय? पाय हलला तो?"

"ती उचकी होती. तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"मलाही माहीत होतं," दादा खालून म्हणाला. "आणि आता कुणीतरी मला वर घ्या, म्हणजे भांडण नीट बसून ऐकता येईल."

कुणी हसलं नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली. दोघांनी धडपडत, तीन वेळा चुकून, शेवटी खुर्ची गाठली. दादा बोळापर्यंत गेला आणि चाकं दांड्यांत अडकली. बाबा कामावरून आले, त्यांनी ते बघितलं आणि पान्यांची पेटी काढली.

आई पुढचे अकरा दिवस धाकटीशी बोलली नाही. सकाळी सहाला स्टूल मात्र घेऊन बसायची. धाकटीनं एकदा कॉलेज सोडायचा अर्ज लिहिला, दप्तरात घालून दोन दिवस फिरवला. मॅडमना द्यायचं धाडस झालं नाही. आता सोडलं तर घरी काय होईल, तेही तिला माहीत होतं.

बाराव्या दिवशी आई स्टूलवरून उठली.

"तू कॉलेजात असतेस तेव्हा याला खुर्चीत कोण घेणार? मला दाखव."

धाकटी दचकली.

"मी काही मानलेलं नाही," आई म्हणाली. "नुसतं दाखव."

धाकटीनं तिला गुडघे वाकवायला लावले, पाठ सरळ ठेवायला सांगितलं, दादाच्या कमरेचा पट्टा कुठे धरायचा ते दाखवलं. आईची पकड घट्ट होती, दादा कळवळला. "अगं, चादर पिळतेस का मला?"

"गप बस," आई म्हणाली. मग धाकटीकडे न बघता, "आता?"

"आता तीन म्हटलं की उचलायचं," धाकटी म्हणाली.