पहिल्या तुकड्याचा तवा

मित्रांनो, पळसदेवला राजमहंमदच्या अंगणात कोंबड्यांचे एक खुराडे आहे. आत मुंगूस शिरू नये म्हणून त्याच्या तोंडाला एक जाडजूड काळा तवा लावून ठेवला आहे. तो तवा म्हणजे मी. रोज पहाटे कोंबडा माझ्या काठावर उभा राहून आरवतो आणि उतरताना माझ्या अंगावर नको ते करून जातो. एके काळी माझ्यासाठी पुण्या-सोलापूरच्या गाड्या हमरस्ता सोडून आत येत होत्या, हे त्या कोंबड्याला कोण सांगणार? पण तुम्हाला सांगतो. माझे रडगाणे म्हणून नव्हे, तर त्यात एका बाईची गोष्ट आहे म्हणून.

मी जन्मापासून तवा नव्हतो. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी काहील होती, तिचा मी तळ होतो. हंगामभर माझ्यावर रस उकळे, त्याचा गूळ होई, आणि त्या वासात माझे दिवस मजेत जात. पुढे गुऱ्हाळ बंद पडले आणि काहील भंगारात निघाली. बारामतीच्या जोतीराम लोहाराने तिचा तळ कापला, ठोकून ठोकून मधोमध थोडा खोलगट केला, दोन बाजूंना दोन कान जोडले आणि मला बाजारात मांडले. तिथून राजमहंमदने मला उचलले. गुळावर वाढलेला मी माशाच्या घरी चाललो, याचे जोतीरामाला फार हसू आले.

घरी बिस्मिल्ला दारातच उभी होती. लग्न नवे होते. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"एवढा मोठा? हितं काय सगळं गाव जेवायला येनार हाय?"

"गाव न्हाय गं," राजमहंमद म्हणाला, "रस्ता जेवायला येनार हाय."

आणि खरोखरच रस्ता जेवायला आला. घरापुढच्या लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, दोन चुली, चार बाकडी, एवढीच ती खानावळ. तिला पाटीसुद्धा नव्हती. हमरस्त्यावर गाडी थांबवून कोणी विचारले, "इथे चांगले मासे कुठे मिळतील?" तर पंक्चरवाला मान वर न करता लिंबाकडे बोट दाखवी. आजूबाजूला तांबडा मुरूम, बाभळी आणि उन्हाने करपलेले माळ. पण लिंबाखाली आले की तेलात पडलेल्या लसणाचा वास यायचा आणि माणसे न विचारता बाकड्यावर बसायची. माझ्यावर एका वेळी पंधरा-वीस तुकडे मावत. बिस्मिल्ला ते उलटायची तेव्हा तिच्या बांगड्या वाजायच्या. मित्रांनो, मला थोडा गर्व होता हे कबूल करतो. तव्याला दुसरे असते तरी काय?

या खानावळीचे दोन नियम होते. मासा धरणाच्या पाण्यातून जिवंत निघालेलाच पाहिजे. सोनबा नावाचा कोळी रोज सकाळी उजनीच्या पाण्यातून जाळे काढून थेट इथे यायचा आणि टोपलीतली चिलापी, कटला फडफडत असायची. राजमहंमद म्हणायचा, "पान्यात आपसूक मरून तरंगला, तो मासा आपल्यात खात न्हाईत. आन् जे आपल्या पोटाला चालत न्हाय, ते दुसऱ्याच्या ताटात कसं वाढायचं?"

दुसरा नियम पहिल्या तुकड्याचा. सकाळी माझ्यावर पडलेला पहिला तुकडा राजमहंमद स्वतः खायचा. त्यानंतर बिस्मिल्ला भाकरी थापायला बसायची. भाकरीची टोपली भरेपर्यंत कोणाच्याही पुढे ताट जायचे नाही, मग समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो. "आधी माझ्या पोटात बसू दे," तो हसून म्हणायचा. तो परगावी गेला तर खानावळ त्या दिवशी बंदच.

मला मात्र तुकडा खाऊन बघायची गरज नव्हती. ताज्या माशाचा तुकडा तापल्या लोखंडावर पडला की त्याची चामडी आखडते, कडा वर उचलतात, तुकडा वळतो. बिस्मिल्लालाही ते ठाऊक होते. ती उलथन्याने कडा दाबायची आणि पुटपुटायची, "वळला, वळला. बरा हाय."

त्यांचा मुलगा अल्ताफ याच चुलीपाशी वाढला. हाताला चलाख, बोलायला गोड. लोकांनी खानावळीची तारीफ केली की त्याची छाती फुगायची. त्याचा जीव या खानावळीच्या नावावर होता, यात खोटे काही नाही. म्हणूनच पुढचे जास्त वाईट वाटते.

त्या उन्हाळ्यात धरणाचे पाणी फार खाली गेले. पाण्यात बुडालेले जुने देऊळ शिखरापासून पायऱ्यांपर्यंत उघडे पडले आणि ते बघायला लांबलांबून गाड्या लोटल्या. देऊळ बघून झाले की सगळ्यांना भूक लागायची, आणि पंक्चरवाल्याचे बोट लिंबाकडे वळायचे. पण मासा होता कुठे? उरलेले पाणी चहासारखे तापले होते. सोनबा रिकामी टोपली घेऊन यायचा.

"राजूभाई, जाळ्यात नुसता गाळ येतोय," तो म्हणायचा. "मासं काठाला मरून पडल्यात. वास मारतोय."

राजमहंमद आलेल्या लोकांना हात जोडायचा. "आज मासा न्हाय. पिठलं-भाकरी हाय, खावा." काही खायचे, बरेच जण निघून जायचे. रस्त्यापलीकडच्या धाब्यांवर मात्र तेल तडतडत होते. एकदा एका गाडीवाल्याने जाता जाता अल्ताफला ऐकवले, "नुसतंच नाव आहे रे तुमचं!" ते त्याच्या मनाला लागले. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग एका रविवारी राजमहंमदला नात्यातल्या मयतीला कऱ्हाटीला जावे लागले. तो भल्या सकाळी निघाला आणि अल्ताफ आईच्या मागे लागला.

"अम्मा, आज देवळाला जत्रेवानी गर्दी व्हनार. दरवाजा उघडू. मासा मी आनतो, ताजा."

"तुझं अब्बा न्हाईत रं."

"एक दिवस! तुझ्या हाताला काय झालंय? लोकं परत गेली की पुन्ना येत न्हाईत अम्मा."

लेकाच्या तोंडाकडे बघून तिने हो म्हटले. अल्ताफ तारवटलेल्या डोळ्यांनी काठाला गेला आणि गोणी भरून आला. काठाला तरंगणारे मासे गोळा करून कोणी विकत होते, त्यातलीच ती गोणी. त्याने मागच्या ओट्यावर मासे आधीच कापले, हळद-मीठ चोळले, वर नेहमीच्या दुप्पट लाल मसाला थापला. आईपुढे आले ते नुसते लाल तुकडे. बाप असता तर एका घासात त्याने ओळखले असते, म्हणून तर त्याने बाप नसलेला दिवस धरला होता. पण बाप नसला की पहिला तुकडा कोण खाणार, एवढी एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. बाप नसताना ही चूल कधी पेटलीच नव्हती.

मी तापलो. पहिला तुकडा माझ्यावर पडला आणि ओल्या फडक्यासारखा सपाट पडून राहिला. मित्रांनो, लोखंडाला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. बिस्मिल्लाने उलथन्याने कड उचलून पाहिली, पुन्हा पाहिली. मग तुकडा बशीत काढला, फुंकर घातली आणि खाल्ला.

अल्ताफ बाकडी पुसून आत आला तेव्हा ती बोटे चाटत होती. तो दारातच थबकला.

"तू खाल्लास?"

"मग? कुनी तरी खायाला नगं? मसाला लई झालाय बग. आन् तुकडा वळला न्हाय रं."

त्या क्षणी तो बोलला असता तर! ओकायला लावता आले असते, मिठाचे पाणी देता आले असते. पण बाहेर गाडीची दारे वाजली, माणसांचा आवाज आला, आणि अल्ताफ म्हणाला, "पानी तापलंय अम्मा, म्हनून आसंल."

"तसंच आसंल," ती म्हणाली. तिचा लेकावर विश्वास होता. ती परातीत पीठ ओढून भाकरी थापायला बसली.

टोपली अर्धी भरली असेल. तिचा हात थांबला. तिने पोट धरले, उठून भिंतीपर्यंत गेली आणि तिथेच ओकली. मग थांबेचना. तिला साखरेचा आजार होता, त्यात ते ऊन. बघता बघता तिचे ओठ पांढरे पडले. अल्ताफने एकदा तिच्याकडे बघितले आणि एकदा बाकड्यावर जेवणाची वाट बघत बसलेल्या माणसांकडे. पुण्याहून आलेले एक जोडपे होते, दोन लहान मुले चमचे वाजवत होती. त्याने धावत येऊन मला दोन्ही कानांनी धरून चुलीतल्या राखेत उलटे केले. त्याचे तळवे भाजले ते त्याला कळलेच नाही. "मासा न्हाय! मासा न्हाय!" एवढेच तो ओरडत होता.

त्या जोडप्यानेच तिला आपल्या गाडीत घालून इंदापूरला दवाखान्यात नेले. गाडीत घालताना ती बाई तिचा हात धरून म्हणाली, "मावशी, घाबरू नका. बऱ्या व्हा, मग तुमच्या हातचे मासे खायला पुन्हा येऊ."

बिस्मिल्ला दुसऱ्या दिवशी गेली.

दफन करून माणसे परतली तेव्हा मी अजून राखेतच पडलो होतो. राजमहंमद चुलीपुढे बसला. अल्ताफ त्याच्यासमोर, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून.

"अब्बा," तो म्हणाला, "मासा तरंगता व्हता."

राजमहंमदने मान वर केली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

राजमहंमदने ना हात उगारला, ना शिवी दिली. तो उठला आणि म्हणाला, "चूल मोडून टाक. लोकं येतील, इच्यारतील, खानावळ का बंद. त्यांना तू सांगायचं. मी न्हाय."

त्या दिवसापासून बाप लेकाबरोबर जेवायला बसला नाही. अल्ताफने चूल मोडली आणि मला इथे खुराड्याला लावले.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरले. देऊळ बुडाले, मासा परत आला. सोनबा सवयीने एकदा फडफडती टोपली घेऊन लिंबाखाली आला आणि तसाच मागे फिरला. पंक्चरवाल्याचे बोट अजून चुकून इकडेच उठते. गाड्या यायच्या, अल्ताफ पुढे व्हायचा. "बंद हाय," एवढेच तो सांगायचा. "का?" म्हटले की खाली बघायचा.

परवा एक गाडी आली. मी ती ओळखली. तेच जोडपे, तीच मुले, थोडी उंच झालेली. बाई हसत उतरली. "ओळखलंत का? मावशी बऱ्या आहेत ना? आज जेवल्याशिवाय जाणार नाही आम्ही."

अल्ताफने आत बापाकडे बघितले. राजमहंमद बाजेवर पाठ करून बसला होता.

"ताई," अल्ताफ म्हणाला, "अम्मा न्हाय राह्यली. त्या दिशी मासा खराब व्हता. मला ठावं व्हतं. तुमच्या पोरांच्या ताटात पडायचा त्यो तुकडा अम्मानं आधी खाल्ला."

बाईने दोन्ही मुलांना जवळ ओढून घेतले. तिचा नवरा गाडीचे दार धरून उभा राहिला. निघताना बाईने पायातल्या चपला काढल्या, चुलीच्या जागी वाकून नमस्कार केला आणि ते गेले.

"सांगितलंस?" बाजेवरून आवाज आला.

"व्हय."

"समदं?"

"समदं."

राजमहंमदने थाळी पुढे ओढली. तिच्यात भाकरी होती, कांदा होता. त्याने भाकरीचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग थाळी लेकाकडे सरकवली. अल्ताफ थाळीवर वाकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे हट्ट करतात, की आम्हाला घासा, पुसा, सांभाळा. माझे तसे काही मागणे नाही. कोंबडा आहे, मुंगूस आहे, माझे चालले आहे. पण तुम्ही कुठेही जेवायला बसाल, घरी किंवा परक्या गावात, तेव्हा घास उचलण्याआधी चुलीपाशी कोण आहे ते एकदा बघा. तुमच्या ताटातले आधी कोणीतरी चाखून पाहिलेले असते. त्या माणसाशी खोटे बोलू नका.