सत्तरीपुढची खुर्ची

सालातिगा गावात पाक तेजोंचं, म्हणजे तेजोकाकांचं, नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक म्हणजे पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत भूगोल शिकवला, आणि आपल्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी आजवर रस्ता चुकलेला नाही, असं ते स्वतः सांगत. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा मोबाईल.

मोबाईल नऊ वर्षांचा होता. पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, मागच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि बोलायच्या भोकात कापसाचा बोळा. त्यामुळे पाक तेजो फोनवर बोलले की विहिरीत पडलेला माणूस शांतपणे गप्पा मारतोय असं वाटे. एकदा टॉर्चच्या ॲपने त्यांच्याकडे फोनमधल्या सगळ्या नावांची यादी मागितली होती. "अंधारात बघायला तुला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला हवा?" असं त्यांनी फोनला मोठ्याने विचारलं, उत्तराची थोडी वाट पाहिली आणि ते ॲप काढून टाकलं. घरातल्या संगणकाचीही तीच तऱ्हा. त्याच्यातली प्रणाली बनवणाऱ्यांनीच ती कधीची वाऱ्यावर सोडली होती. नवं काहीही घालायला गेलं की तो नकार देई. पाक तेजोंना त्याचा अभिमान होता. "ह्यात चोर शिरूच शकत नाही," ते म्हणत. "मला स्वतःला शिरायला वीस मिनिटं लागतात."

गल्लीतल्या लोकांना वाटे, म्हातारा कंपन्यांना भितो. काहींना वाटे, सरकारला भितो. पोस्टातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचा तर्क होता की त्यांची कुठेतरी दुसरी बायको असावी. हा तर्क पाक तेजोंनी कधी खोडला नाही.

खरं तर ते फक्त एक आकडा सांभाळत होते. तो आकडा त्यांच्या पहिल्या आणि एकुलत्या एक बायकोचा होता.

बू लास्मींचा, म्हणजे लास्मीबाईंचा, जन्म त्रेपन्न सालचा, पाक तेजोंचा सत्तावन्नचा. लग्नाच्या वेळी त्यांच्या आईने बजावलं होतं की मुलाहून मोठी सून ह्या घरात चालायची नाही. तेव्हा दोघांनी मिळून वधूला पाच वर्षांनी लहान केलं. सासूबाई यथावकाश निवर्तल्या. खोटं मागे राहिलं, घरातल्या जड कपाटासारखं; कुणाला त्रास नाही आणि हलवायला चार माणसं लागणार. कागदोपत्री मात्र साल खरंच होतं. म्हणून पाक तेजो कागद कुणाला दाखवत नसत.

बहात्तराव्या वर्षी बू लास्मी गल्लीसाठी सदुसष्टच्या होत्या. दर शनिवारी सकाळी बॅडमिंटनच्या मैदानावर ज्येष्ठांची कवायत चाले. कर्ण्यातून गाणी, पंचवीस बायका, सहा पुरुष, आणि सर्वांत पुढे, सगळ्यांना हातवारे दाखवत, जांभळ्या बुटांतल्या बू लास्मी. त्या जागेसाठी त्या आठवडाभर जगत. शुक्रवारी संध्याकाळी बूट पुसत. पाक तेजो शेवटच्या रांगेत उभे राहून उलट्या दिशेला वळत आणि बायकोची पाठ बघत. ती पाठ ताठ होती.

आणि मग आरोग्य केंद्राचं नवं ॲप आलं.

ते आणलं म्बाक रिस्तीने, म्हणजे रिस्तीताईने. पस्तिशीतली, हसतमुख, सगळ्यांचा रक्तदाब मोजणारी स्वयंसेविका. मैदानाच्या कडेला हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असे. सत्तरी ओलांडलेल्यांनी पडू नये म्हणून त्यांनी बसून हात हलवायचे, असा केंद्राचा नियम होता. आजवर कुणाची सत्तरी कधी आली हे ज्याने त्याने ठरवायचं असे. आता ॲप ठरवणार होतं. जन्मतारीख घातली की नावापुढे वय येणार, सत्तर भरली की नाव आपोआप खुर्चीच्या यादीत जाणार, आणि यादी सगळ्यांना दिसणार.

"सगळ्यांना कशाला?" पाक तेजोंनी विचारलं.

"म्हणजे वाढदिवसाला शुभेच्छा देता येतात ना, पाक!" रिस्ती म्हणाली. "द्या फोन, मी घालून देते."

तिने त्यांचा फोन हातात घेतला, चिकटपट्ट्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाली, "अय्या, हे ॲप तुमच्या फोनवर चालतच नाही हो. फोन फार जुना आहे."

इतकं गोड वाक्य पाक तेजोंच्या कानांवर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. "अरेरे," ते म्हणाले. "काय करणार!"

"काही हरकत नाही. ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांनी कुटुंब कार्डाच्या दोन झेरॉक्स पाकिटात घालून द्यायच्या. केंद्राच्या कपाटात राहतील. कुणी बघत नाही."

कागद! पाक तेजोंचा कागदावर विश्वास होता. कागद हॅक होत नाही, कागद रात्रीतून स्वतःला अपडेट करत नाही. ते त्याच दिवशी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि समोर उभे राहून दोन प्रती काढून घेतल्या. पहिल्या तीन वाकड्या आल्या. त्या त्यांनी घेतल्या नाहीत. वाकडी वस्तू घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सरळ आलेल्या दोन पाकिटात घातल्या, पाकीट भाताच्या शिताने चिकटवलं, वर सही केली आणि केंद्रात नेऊन दिलं.

पुढच्याच आठवड्यात बालिकपापानहून मुलीने, रेत्नोने, नवा कोरा फोन पाठवला. "बाबा, तुमचा आवाज पाताळातून येतो," अशी चिठ्ठी सोबत होती. पाक तेजोंनी फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात बिस्किटं कधीच नसत; असत ते जुने पोह्यांचे पापड. त्यामुळे तो कुणी उघडायचा प्रश्न नव्हता.

पुढचे दोन शनिवार सुखात गेले.

तिसऱ्या शनिवारी कवायत संपली. नेहमीप्रमाणे पाइजेमची टोपली आली होती. पाइजेम ही गल्लीची भजीवाली: टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची भजी, टोफूची भजी, केळ्याची भजी, सोबत कच्च्या हिरव्या मिरच्या. बू लास्मी तिला वीस वर्षं 'म्बाक्यू' म्हणत, म्हणजे थोरली बहीण, आणि ती 'ओ' देई. आज तिला ताप होता म्हणून सून टोपली ठेवून गेली होती. बायका चटईवर गोल बसल्या आणि मधोमध भज्यांचा ढीग कागदासकट ठेवला गेला.

पाक तेजोंनी हात पुढे केला आणि टोफूच्या दोन तुकड्यांच्या मधून स्वतःचं नाव वाचलं.

सुतेजो, निवृत्त शिक्षक. खाली तेलात पारदर्शक झालेली दुसरी ओळ: लास्मीनिंग्सिह. पुढे जन्मतारखेचा रकाना. दिवस दिसत होता, महिना दिसत होता. सालावर टेंपेचं एक भजं बसलं होतं, आणि त्या भज्याकडे बू गियार्तींचा हात निघाला होता.

बू गियार्ती एकाहत्तरच्या. दीड वर्षापूर्वी नातवाने आपणहून सत्तरी जाहीर केल्यामुळे त्या खुर्चीवर गेल्या होत्या आणि ते दुःख त्या विसरल्या नव्हत्या.

पाक तेजोंनी ते भजं त्यांच्या बोटांखालून उचललं आणि तोंडात घातलं. मग उघड्या पडलेल्या सालावर दुसरं भजं सरकवलं.

"पाक! मी घेत होते ते!"

"गरम आहे, तोंड भाजेल," पाक तेजो म्हणाले, आणि सगळा कागद ढिगासकट स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अहो, काय हे!" बू लास्मी लाजून म्हणाल्या. "घरी उपाशी ठेवते मी ह्यांना, असं वाटेल."

"भूक लागलीय."

"अख्ख्या ढिगाची?"

पंचवीस बायकांसमोर एक सभ्य, निवृत्त शिक्षक भजी खात बसला. कुणी हात पुढे केला की तो कडेचं भजं देई आणि मधलं स्वतः खाई. बू गियार्ती मोठ्याने मोजत होत्या. अकरावं संपल्यावर कागद मोकळा झाला. तो चार घड्या करून त्यांनी शर्टाच्या खिशात कोंबला. खिशावर तेलाचा डाग फुलासारखा पसरत गेला. रिस्तीने त्यांच्या वहीत रक्तदाबाच्या रकान्याशेजारी लिहून ठेवलं: भजी अकरा.

एक कागद सापडला होता. वाकडे तीन होते. पाक तेजो तडक पाइजेमच्या घरी गेले. ती गोधडी पांघरून ओट्यावर बसली होती.

"रद्दी कुठून घेतेस तू?"

"झेरॉक्सवाल्याकडून, किलोवर. का हो पाक?" मग तिची नजर त्यांच्या खिशावर गेली. पाइजेमने कपाळावर हात मारून घेतला. "सुनेने! मेलीला शंभरदा सांगितलं, पिवळ्या पिशवीतला कागद घ्यायचा नाही!"

ती लटपटत उठली आणि आतून दोन पिशव्या घेऊन आली. एक लाल, एक पिवळी.

"हे बघा. लाल पिशवीत पलीकडच्या गल्लीचे कागद. ते इकडे बांधून द्यायचे. पिवळीत तुमच्या गल्लीचे. ते पलीकडे जातात. कुणाची फारकत, कुणाचं कर्ज, कुणाचा पगार, ज्याचं त्याच्या शेजाऱ्याच्या हातात पडता कामा नये. तुमचे आणखी दोन होते. ते मी बाहेर देणारच नव्हते, चुलीत घालायला वेगळे काढलेत."

पाक तेजोंनी दोन्ही पिशव्या हातात घेऊन पाहिल्या. आयुष्यात त्यांनी अनेक ॲपांच्या गोपनीयतेच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या होत्या. इतकी स्पष्ट भाषा त्यांना कुठेच आढळली नव्हती.

"म्हणजे तू वाचलंस," ते म्हणाले.

"बू लास्मींचं? ते काय आजचं आहे? चौदा वर्षं झाली. रेशनच्या वेळचा कागद होता."

"तुझा जन्म कधीचा?"

"छप्पन्न."

"आणि ती तुला थोरली बहीण म्हणते."

"म्हणू दे की," पाइजेम गोधडी ओढून घेत म्हणाली. "कुणीतरी थोरलं व्हायला हवं ना!"

तिच्याकडून आणलेले दोन्ही कागद घरी चुलीत गेले. तिसरा मात्र खिशात राहिला, कारण शर्ट बदलताना पाक तेजोंना मळमळत होतं. संध्याकाळी बू लास्मी शर्ट धुवायला घेऊन बसल्या आणि थोड्या वेळाने ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"पाक्ने," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "हा कागद तुमच्या खिशात काय करतोय?"

"तेल पुसायला घेतला."

"ह्याच्यासाठी अकरा भजी खाल्लीत?"

"आठ ह्याच्यासाठी," पाक तेजो म्हणाले. "तीन चांगली झाली होती."

बू लास्मी हसल्या नाहीत. शेजारी बसल्या. मग पाक तेजोंना सगळंच सांगावं लागलं: वाकड्या प्रती, पिवळी पिशवी, छप्पन्न साल. शेवटचं ऐकून त्यांनी हातातला साबण खाली ठेवला.

"वीस वर्षं मी तिचं वय वापरतेय," त्या म्हणाल्या. "विचारल्याशिवाय."

"ती काही मागत नाही, बुने."

"म्हणूनच." त्या उठल्या. "रेत्नोचा फोन कुठे आहे ते मला माहीत आहे. डब्यात पोह्यांच्या पापडांखाली. शनिवारी बरोबर घ्या."

"अगं, पण खुर्ची..."

"घ्या म्हटलं ना."

शनिवारी पाइजेम बरी होऊन स्वतः टोपली घेऊन आली. बायका रांगेत उभ्या राहत होत्या. पुढे जांभळे बूट. कर्णा अजून खरखरतच होता, तेवढ्यात बू लास्मी वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दिक पाइजेम! दोन टेंपे माझ्यासाठी बाजूला ठेव गं."

दिक. धाकटी बहीण. पंचवीस डोकी एकदम टोपलीकडे वळली. पाइजेमच्या हातातला चिमटा हवेत थांबला.

"ठेवते, म्बाक्यू," पाइजेम म्हणाली, आणि दोन चांगले टेंपे निवडून बाजूला ठेवले.

मग बू लास्मींनी नवा फोन रिस्तीच्या हातात दिला. "घाल ते ॲप. तारीख मी सांगते."

ॲपने कॅमेरा मागितला, मायक्रोफोन मागितला, पत्ता मागितला, सगळ्या ओळखीच्यांची नावं मागितली. पाक तेजो खांद्यावरून वाकून दर वेळी "नाही" म्हणत होते आणि रिस्ती दर वेळी "नाही" दाबत होती. तारखेला मात्र ते गप्प राहिले. फोन वाजला. रिस्तीने पडद्याकडे पाहिलं, बू लास्मींकडे पाहिलं.

"बू, साल चुकलं वाटतं. नाव खुर्चीच्या यादीत गेलं. बदलू का?"

"नको. पहिल्यांदाच बरोबर पडलंय."

एव्हाना सगळ्यांचे फोन वाजले होते. खुर्चीवरून बू गियार्तींनी चष्मा पुढे-मागे करून वाचलं. "बहात्तर?" त्यांचा आवाज चढत गेला. "म्हणजे दीड वर्ष मी एकाहत्तरची इथे बसून पंखा हलवल्यासारखे हात हलवतेय, आणि बहात्तरची बाई माझ्यापुढे कंबर हलवतेय?"

बू लास्मींचा चेहरा उतरला. त्यांनी एक खुर्ची ओढली.

"ठेवा ती!" बू गियार्ती कडाडल्या. त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. गुडघा धरून, पण उभ्या. "तुम्ही बसलात तर आम्हाला दाखवणार कोण? सरका जरा, मला पहिल्या रांगेत जागा करा."

खुर्च्यांवरच्या बाकीच्या पाच जणीही उठल्या. रिस्ती फोन नाचवत मागे धावली. "अहो, असं नाही चालत! ॲपमध्ये खुर्ची दाखवतंय!"

"मग ॲपला बसव," बू गियार्ती म्हणाल्या.

कर्णा सुरू झाला. रिस्तीने थोडा विचार केला आणि खरोखरच फोन एका खुर्चीवर ठेवला. बू लास्मींनी डोळे पुसले, हात वर केले, आणि सगळ्या वळल्या. कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे.

पाक तेजो अडुसष्टचे होते. नियमाने त्यांना खुर्ची नव्हती, पण ते ॲपच्या शेजारी जाऊन बसले. पाइजेमने एक टेंपे त्यांच्या हातात आणून दिलं. कागदात गुंडाळलेलं.

"लाल पिशवीतला आहे," ती म्हणाली. "बिनधास्त खा."

त्यांनी बायकोच्या पाठीकडे बघत भजं खाल्लं. पाठ ताठ होती. मग कागद घडी करून खिशात ठेवला. वाचला नाही. जन्मसाल तेवढं पाहिलं.