धनराजभाऊचे त्रेसष्ट चिंचोके

मले मायबापानं सातवीपर्यंतच शिकोलं, पण पेपर मी रोज वाचते. वाचते अन् मंग फाडते. आमच्या घरी रद्दीच्या पिशव्या बनतात. माहे मालक बाबूभाई सायकलवर बांगड्या घेऊन गावोगावचे बाजार करतात, अन् मी मैद्याची खळ घेऊन घरी पिशव्या चिकटवत बसते. गोंडपिपरीचा पेपरवाला महिन्याले गठ्ठा पाठवते. तवा रशिदाले राजकारन काय समजते, असं कोनाले वाटत असन तं त्यानं हे आयकावं.

२००१ च्या उन्हाळ्यात आमच्या गावची सकाळची एसटी बंद झाली. सुट्ट्यायत प्रवासी नाई म्हणून बंद केली, ते जुलै सरला तरी चालू नाई. माही आफ्रीन दहावीत फस्ट क्लास आलेली, अकरावीले गोंडपिपरीच्या कॉलेजात नाव टाकलेलं. चौदा किलोमीटर जंगलाचा रस्ता, त्यात अस्वलं. घरात सायकल एक, तिच्यावर बांगड्यायची पेटी. कॉलेजवाल्यायनं साफ सांगतलं, पंधरा ऑगस्टच्या आत पोरगी वर्गात नाई दिसली तं नाव काटू. मी म्हटलं, नाव नाई कटत. मी जित्ती आहे अजून.

गाडी सुरू करा म्हणून एसटीले अर्ज द्याचा, तं त्यावर वजनदार मानसाची सही पाह्यजे, असं सारे म्हणे. असे आमच्याकडे दोघं. माजी सभापती धनराजभाऊ अन् बाजार समितीचे श्रीहरीभाऊ. दोघायचं हाडवैर. एकाच्या ओसरीवर चहा पेला का दुसऱ्याचं दार बंद, हे गावातल्या लेकराले बी माहीत. म्हणजे दार एकच भेटनार. ते कोनतं, हे आधी ठरवा लागे.

शेजारची वच्छलाबाई धानाची शेती करते. तिची दिव्यानी आफ्रीनच्याच वर्गातली. ते म्हणे, "ज्याची जीप मोठी त्याच्याकडे जाऊ."

"जीप हप्त्यावर बी येते, बाई. पेपरात पाहू. ज्याचं नाव जास्त, त्याचं वजन जास्त."

तीन महिन्यायचे गठ्ठे काढले. दोन वाट्या मांडल्या, पितळेची धनराजभाऊची अन् जर्मनची श्रीहरीभाऊची. नाव दिसलं का चिंचोका टाकायचा. आफ्रीन वाचे, दिव्यानी टाके, अन् वच्छलाबाई पाहारा दे का एका नावाचे दोन तं नाई पडले. नाव असलेलं पान मी विटेखाली दाबून ठेवो. चार दिवसायनं मोजलं तं श्रीहरीभाऊचे सतरा अन् धनराजभाऊचे त्रेसष्ट. पितळेची वाटी भरून सांडली.

"अवं बाप्पा!" वच्छलाबाईनं तोंडावर हात ठेवला. "हा तं मंत्र्याच्या बरोबरीचा मानूस!"

गेलो धनराजभाऊच्या ओसरीवर. चहा भेटला, सही भेटली. "बाई, बेफिकर राहा. तुमची पोट्टी ते माही पोट्टी," म्हणे. अर्ज हातात धरून आमचा फोटो निघाला. तिसऱ्या दिवशी बातमी आली, 'बस सुरू करा, अन्यथा आंदोलन: धनराजभाऊंचा इशारा'. चौसष्टावा चिंचोका वच्छलाबाईनं स्वतःच्या हातानं टाकला.

गाडी काही आली नाई. आठ ऑगस्ट उजाडला. रोज सकाळी दोघी पोरी दप्तर घेऊन थांब्यावर जायच्या अन् घंटाभरानं परत यायच्या.

त्या दिवशी मी मागच्या वर्षीच्या गठ्ठ्याच्या पिशव्या करून राह्यली होती. खळ लावता लावता एक पान दिसलं, 'नाल्यावरील पुलासाठी धनराजभाऊंचा इशारा'. तो पूल आजबी तुटलेलाच आहे. बाबूभाई तिथी सायकल खांद्यावर घेऊन नाला पार करतात. मी तशीच उठली, खळीच्या हातानंच विटेखालची पानं काढली. इशारा. निवेदन. मागनी. वाढदिवसाच्या शुभेच्छाच एकोनीस! त्रेसष्टात 'झालं' म्हणून एक बी नाई. श्रीहरीभाऊच्या सतरात बी हार, सत्कार अन् श्रद्धांजल्या.

मले असा संताप आला, अन् तो मह्यावरच आला. नावं मोजत बसली मी, भैताड! कामं कोन मोजन?

मंग पुन्हा गठ्ठे उलटवले. या वेळी नाव नाई पाह्यलं, बंद पडलेलं काय काय सुरू झालं ते पाह्यलं. एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात तीन ओळी सापडल्या. धानोऱ्याकडच्या एका खेड्यात बाया गाडीपुढे बसल्या अन् चौथ्या दिवशी फेरी सुरू झाली. त्यात नाव कोनाचंच नव्हतं.

"वच्छलाबाई, या बायायची वाटी आपन मांडलीच नाई," मी म्हटलं. "उद्या आपन बी बसू."

"धनराजभाऊ रुसन ना!"

"माही पोट्टी ते त्याची पोट्टी आहे ना? मंग येईन तो बी, बसन आपल्या बाजूले."

नऊ तारखेले दुपारच्या गाडीपुढे आम्ही एकतीस बाया बसलो. धनराजभाऊ नाई आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कंडक्टर वरडला. मी म्हटलं, "दादा, तुमच्याशी भांडन नाई. साहेबाले फोन लावा. तोवर वरणभात खाऊन घ्या." जेवले बिचारे. तीन घंट्यायनं साहेब जीपनं आला अन् त्यानं अर्जावर लिहून देल्लं. मी उठली नाई. "वाचून दाखवा साहेब, साऱ्यायले आयकू द्या." त्यानं वाचलं, 'सोमवारपासून सकाळची फेरी सुरू.' तवा मंग उठलो.

सोमवारी पावणेसातले गाडी आली, अन् तिच्याआधी धनराजभाऊ आला. हार, नारळ, फोटोवाला, सारं घेऊन. मंगळवारी पेपरात आलं, 'धनराजभाऊंच्या प्रयत्नांना यश'.

वच्छलाबाई पेपर घेऊन फनफनत आली. "पाहा! आता हा पासष्टावा चिंचोका बी त्याचाच का?"

"चिंचोके कुठी आहेत आता? कालच भाजून पोरीयच्या डब्यात देल्ले. गाडीत खात गेल्या दोघी."

मी तिच्या हातातला पेपर घेतला अन् कैची काढली. फोटोत पुढे हारवाला धनराजभाऊ, अन् मागे गाडीच्या खिडकीत आफ्रीन अन् दिव्यानी, दप्तर मांडीवर घेऊन. खिडकीचा तेवढा तुकडा कापला अन् खळ लावून भिंतीवर चिकटवला. बाकीच्या पानाची पिशवी झाली.